बेस्टची भाडेतत्त्वावरची बससेवा: गाडी लाल, करार मात्र तपासून घ्यावा असा

मुंबईत थांब्यावर येणारी गाडी लाल असते, तिच्यावर बेस्टचं नाव असतं, तिकीटही बेस्टचंच. पण आज त्यातल्या बहुतेक गाड्या बेस्टच्या मालकीच्या नाहीत. त्या भाडेतत्त्वावर, म्हणजे 'वेट लीज'वर घेतलेल्या आहेत. गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. म्हणून या सेवेचं परीक्षण करताना सीट किती मऊ आणि एसी किती गार एवढ्यावर थांबून चालत नाही. गाडी वेळेवर का येत नाही, चालक थकलेला का दिसतो, संध्याकाळी अचानक फेऱ्या का गळतात, याची उत्तरं करारात सापडतात. कामगार युनियन कित्येक वर्षं त्याच करारावर बोट ठेवून उभी आहे.

आधी गुण देऊन टाकू. गाडी नवी असेल तर प्रवास 5 पैकी 4. भाडं अजूनही 5 पैकी 3. थांब्यावरची प्रतीक्षा 5 पैकी 1. चालकाची कामाची परिस्थिती 5 पैकी 1, आणि बाकीच्या सगळ्या गुणांवर तिचाच परिणाम होतो.

भाड्याचं गणित सोपं आहे. जुलै 2019 मध्ये किमान भाडं 8 रुपयांवरून 5 वर आणलं, एसीचं 20 वरून 6 वर. मे 2025 मध्ये पहिल्या 5 किलोमीटरसाठी साध्या गाडीला 10 आणि एसीला 12 रुपये झाले. 10 किलोमीटरला आता अनुक्रमे 15 आणि 20. दिवसाचा पास 60 चा 75 झाला, महिन्याचा 900 चा 1,800. घरकाम करणाऱ्या किंवा दुकानात नोकरीला असलेल्या माणसाला जाता-येता दोन-दोन गाड्या बदलाव्या लागत असतील तर 26 दिवसांत 104 तिकिटं होतात. फक्त किमान भाड्यातला फरक धरला तरी महिन्याला 520 रुपये जास्त. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासाशी तुलना केली की हा भार किती जड आहे ते कळतं. भाडं वाढल्यावर गाड्या वाढल्या असत्या तर लोकांनी ते सोसलंही असतं. तसं झालं नाही.

गाड्यांची संख्या हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष. जून 2019 मध्ये युनियन, बेस्ट आणि महापालिका यांच्यात करार झाला. बेस्टच्या स्वतःच्या 3,337 गाड्या कायम ठेवायच्या आणि त्यांच्या वर भाड्याच्या गाड्या घ्यायच्या, असं त्यात ठरलं होतं. पुढे जुन्या गाड्या 15 वर्षांचं आयुष्य संपल्यावर भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या गाड्या घेतल्याच नाहीत. 2025 मध्ये स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली गेल्या, आणि भाड्याच्या धरून एकूण ताफा साधारण 2,700 राहिला. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांत दर हजार लोकसंख्येमागे 0.6 किंवा जास्त गाड्या असतील तर पहिली श्रेणी, 0.2 पेक्षा कमी असतील तर चौथी, म्हणजे शेवटची. 2011 च्या जनगणनेतले मुंबईचे 1 कोटी 24 लाख धरले तरी 2,700 गाड्यांचं प्रमाण 0.22 च्या आसपास येतं. तिसऱ्या श्रेणीच्या अगदी तळाला. तेव्हापासून वस्ती वाढलीच आहे. म्हणून युनियनच्या मागणीपत्रात 3,337 हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. लेखी ठरलेल्या गोष्टीची ती आठवण आहे, आणि प्रवाशानेही हा आकडा पाठ करून ठेवावा.

आता करार कसा चालतो ते. भाडेतत्त्वाच्या करारात कंत्राटदाराला प्रवाशांच्या संख्येवर पैसे मिळत नाहीत. गाडी किती किलोमीटर धावली त्यावर मिळतात, आणि दिवसाला ठरावीक किमान किलोमीटरची हमी असते. गाडी रिकामी गेली तरी कंत्राटदाराचं नुकसान नाही आणि भरून गेली तरी जास्त फायदा नाही. यात चांगली बाजू आहे. प्रवासी ओढण्यासाठी गाड्यांची शर्यत लागत नाही, आणि कमी गर्दीचा मार्गही चालू ठेवता येतो. वाईट बाजू अशी की दर एकदा ठरला की कंत्राटदाराचा नफा फक्त खर्च कापून वाढतो. इंधन कापता येत नाही. कर्जाचा हप्ता, विमाही कापता येत नाही. उरतात दोनच जागा: देखभाल आणि माणूस.

माणसाचा हिशेब मांडून पाहू. एक गाडी दोन पाळ्यांत चालवायची तर आठवड्याच्या 14 ड्युट्या होतात. एका चालकाने आठवड्यात 6 ड्युट्या कराव्यात, म्हणजे साप्ताहिक सुट्टी धरून 2.33 चालक लागतात. आजारपण, रजा, सण धरले की गाडीमागे किमान 2.6 चालक हवेत. कंत्राटदाराने 2 किंवा 2.2 वर भागवलं की काय होतं ते कुठल्याही आगारात दिसतं. पहिल्या पाळीचा चालक दुसऱ्या पाळीतही बसतो. साप्ताहिक सुट्टी रद्द होते. एक माणूस आला नाही की संध्याकाळच्या तीन-चार फेऱ्या गळतात. थांब्यावरच्या प्रवाशाला वाटतं गाडी वाहतुकीत अडकली. ती आगारातून निघालेलीच नसते.

मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 मध्ये यावर स्पष्ट मर्यादा होत्या: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि ड्युटीचा एकूण पसारा, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा वेळ, 12 तासांच्या आत. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा संहितेने घेतली, पण थकव्याचं शास्त्र बदललेलं नाही. ड्युटीच्या वेळापत्रकावरून बेस्टमध्ये भांडणं जुनीच आहेत. एप्रिल 2014 मध्ये संगणकावर आखलेल्या 'कॅनेडियन शेड्यूल'विरुद्ध कामगारांनी काम बंद केलं होतं, कारण त्यात ड्युटीचा पसारा लांबत होता आणि वाहतूक कोंडीत अर्ध्या तासाची विश्रांती कागदावरच राहत होती. तेव्हा ज्यांनी विरोध केला ते कायम नोकरीतले होते, त्यांना बोलता येत होतं. कंत्राटी चालकाला दुसऱ्या दिवशी 'ड्युटी नाही' एवढंच सांगितलं की विषय संपतो.

ऑगस्ट 2023 मध्ये हाच राग बाहेर आला. घाटकोपर, मुलुंड भागातल्या आगारांतून भाडेतत्त्वावरच्या गाड्यांच्या चालकांनी संप सुरू केला आणि काही दिवसांत तो शहरभर पसरला. पगार 18,000 च्या आसपास होता, मागणी 25,000 ची. प्रवाशांचे हाल झाले, हे खरंच. पण त्या 7,000 रुपयांच्या फरकाचा अर्थ कराराच्या भाषेत काय होतो, ते मांडून पाहावं. गाडीमागे 2.6 चालक धरले तर महिन्याला 18,200 रुपये. गाडी दिवसाला 180 किलोमीटर, म्हणजे महिन्याला 5,400 किलोमीटर धावते असं समजलं तर किलोमीटरमागे 3 रुपये 37 पैसे. भविष्य निर्वाह निधी आणि विमा धरून चार रुपये म्हणू. अशा 2,000 गाड्यांसाठी वर्षाला 50 कोटींच्या आसपास. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. चालकाला माणसासारखा पगार द्यायला त्यातला हजारातला एक भागही लागत नाही.

मग हे पैसे दरात का नसतात? निविदा सर्वांत कमी दराला जाते. दर भरताना कंत्राटदार किमान वेतनावर गणित बसवतो. किमान वेतनाच्या वर काही द्यावंच लागेल अशी अट निविदेत नसेल तर जो चांगला पगार धरून दर भरेल तोच निविदा हरतो. पुढे इंधन महागतं, सुटे भाग महागतात, आणि दरवाढीचं सूत्र अपुरं असेल तर कंत्राटदार आधी पगार लांबवतो, मग गाड्या उभ्या करतो, शेवटी निघून जातो. 2022 मध्ये एका कंत्राटदाराने मिनी गाड्या आवरत्या घेतल्या तेव्हा अनेक आगारांतले छोटे मार्ग एकदम उघडे पडले. फेब्रुवारी 2023 मध्ये आगी लागण्याच्या घटनांनंतर दुसऱ्या एका कंत्राटदाराच्या 400 सीएनजी गाड्या सुरक्षिततेसाठी रस्त्यावरून काढाव्या लागल्या. स्वतःच्या 3,337 गाड्या हाताशी असत्या तर दोन्ही वेळा मार्ग बंद पडले नसते. युनियन म्हणते तो स्वतःचा ताफा अशा दिवशी उपयोगाला येतो.

कंत्राटदार बदलतो तेव्हा चालकाचं आणखी एक नुकसान होतं, ज्याची चर्चा कमी होते. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळायला नेहमीच्या नियमाने सलग 5 वर्षं नोकरी लागते. कंपनी चौथ्या वर्षी निघून गेली, तोच चालक त्याच आगारात, त्याच मार्गावर नव्या कंपनीकडे लागला, तरी त्याची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. न्याय्य करारात 'कंत्राटदार बदलला तरी सेवा सलग धरली जाईल आणि थकबाकी आधीच्या कंपनीच्या अनामत रकमेतून दिली जाईल' असं कलम हवं. त्यासाठी अनामत रक्कम निदान दोन-तीन महिन्यांच्या एकूण पगाराइतकी असायला हवी.

आता गाडी. 12 मीटरची एसी विद्युत बस बसायला खरोखर उत्तम आहे. पायरी खाली, धूर नाही, इंजिनचा आवाज नाही, ज्येष्ठांना चढणं सोपं. दोष नेहमी त्याच जागी सापडतात. एसीच्या जाळ्या वेळेवर साफ होत नाहीत, मग मागच्या निम्म्या गाडीत हवाच येत नाही. दाराच्या हवेच्या नळ्या गळतात, दार अर्धं उघडं राहतं. अपंगांसाठीची घडीची पायरी असते, पण गाडी थांब्याच्या कडेला लागत नाही म्हणून ती उघडता येत नाही. शेवटच्या दोषाला चालकापेक्षा थांब्यावर उभ्या केलेल्या खाजगी मोटारी जबाबदार असतात. दुमजली विद्युत गाड्या 2023 पासून धावू लागल्या. त्या देखण्या आहेत, पण 200 ठरलेल्या असताना आल्या साधारण 50, आणि जुनी डिझेल दुमजली सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्तही झाली. मे 2022 मध्ये 2,100 विद्युत गाड्यांचं कंत्राट दिलं गेलं. निविदेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मे 2023 मध्ये मिटला, तरी गाड्या ठरलेल्या गतीने आल्याच नाहीत. गाडी उशिरा दिली तर दर दिवसाला किती दंड, तो खरोखर वसूल झाला का, हा प्रश्न प्रवासी संघटनांनी लावून धरावा असा आहे.

प्रशिक्षणाबद्दल जास्त लिहायला हवं, कारण इथे जीव जातात. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात 332 क्रमांकाच्या मार्गावरची 12 मीटरची विद्युत बस गर्दीत घुसली आणि नऊ जणांचे प्राण गेले. चालकाचा आधीचा अनुभव छोट्या गाड्यांवरचा होता आणि मोठी विद्युत बस त्याच्या हाती नुकतीच आली होती. क्लच-गिअरच्या गाडीवरून विद्युत गाडीवर येताना काय बदलतं ते समजून घ्या. क्लच नाही, त्यामुळे क्लच दाबून इंजिनचा जोर चाकांपासून तोडायची जी सवय डाव्या पायाला असते ती निरुपयोगी होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी पूर्ण जोर मिळतो, डिझेलसारखा हळूहळू चढत नाही. पाय उचलला की मोटरच उलट काम करून गाडी हळू करते आणि बॅटरी भरते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हा आपोआप लागणारा ब्रेक कमी लागतो, म्हणजे पहिल्या फेरीत आणि पाचव्या फेरीत एकाच गाडीचं पेडल पायाला वेगळं वाटतं. त्यात लांबी: वळताना मागचा भाग किती बाहेर फेकला जातो याचा अंदाज मिनी बस चालवणाऱ्याला नसतो.

हे दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडत नाही. आधी रिकाम्या मैदानात आपत्कालीन ब्रेक आणि हळू वेगातली वळणं, मग रिकाम्या गाडीत प्रशिक्षकासह प्रत्यक्ष मार्गावर फेऱ्या, दिवसा आणि रात्री, कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर, मग प्रवाशांसह प्रशिक्षक शेजारी, आणि शेवटी बेस्टच्याच प्रशिक्षण विभागाची चाचणी, असा क्रम हवा. प्रशिक्षणाचे दिवस पगारी हवेत. बिनपगारी असतील तर चालक स्वतःच घाई करतो. आणि गाडीचा प्रकार बदलला की चाचणी पुन्हा. करारात ठरलेले किलोमीटर न धावल्याचा दंड कडक आणि प्रशिक्षणाची अट सैल असली की कंत्राटदार कुठली अट पाळेल ते उघड आहे. युनियनची 'समान काम, समान प्रशिक्षण, समान दाम' ही मागणी प्रवाशाच्या सुरक्षिततेची मागणी आहे.

पैसा कुठून आणायचा? जुना इतिहास थोडक्यात. 7 ऑगस्ट 1947 रोजी ही सेवा महापालिकेच्या ताब्यात आली. वीज आणि बस एकाच उपक्रमात होत्या आणि विजेच्या पैशावर बसचा तोटा भरला जाई. वीज कायदा 2003 नंतर हे दार हळूहळू बंद झालं. वाहतुकीचा तोटा उघडा पडला आणि महापालिकेने त्याची जागा भरून काढली नाही. जानेवारी 2019 च्या नऊ दिवसांच्या संपात, बेस्टच्या इतिहासातल्या सर्वांत लांब संपात, मुख्य मागणी बेस्टचा वेगळा 'क' अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य 'अ' अर्थसंकल्पात विलीन करा हीच होती. रस्ते, गटारं, दिवाबत्ती यांना कुणी तोट्यात आहेत असं म्हणत नाही. ती शहराची सेवा मानली जाते, बसही तशीच मानावी, इतकी ती सरळ मागणी होती. 2025-26 मध्ये महापालिकेने बेस्टला 1,000 कोटी दिले. एकूण अर्थसंकल्पाच्या दीड टक्क्याहूनही कमी. निवृत्त कामगार उपदानासाठी वाट पाहत असताना हा आकडा वाचवत नाही. आगारांच्या जमिनी विकसित करून पैसा उभा करण्याचे प्रस्ताव येत राहतात. जमिनीचा पैसा एकदाच येतो, चालकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. शिवाय आगार दूर गेलं की प्रवाशांविना धावायचे रिकामे किलोमीटर वाढतात आणि पहाटेची पहिली गाडी उशिरा लागते.

कमी पैशात मोठा फरक पाडणारी एक गोष्ट युनियननेही पुरेशी रेटलेली नाही: बससाठी राखीव मार्गिका. 10 किलोमीटरचा मार्ग धरा, दोन्ही टोकांना 10-10 मिनिटं थांबा, गाड्या 10. ताशी 9 किलोमीटर वेगाने एक पूर्ण फेरी 153 मिनिटांची होते, म्हणजे दर 15 मिनिटांनी गाडी. वेग 12 झाला तर फेरी 120 मिनिटांची आणि दर 12 मिनिटांनी गाडी. तेवढेच चालक, तेवढ्याच गाड्या. चालकाची अर्ध्या तासाची विश्रांतीही मग वेळापत्रकात बसते.

युनियनवरही एक आक्षेप आहे. कायम आणि कंत्राटी कामगार एकाच आगारात उभे असताना अनेक वर्षं संघटनेचं बळ मुख्यतः कायम कामगारांपाशी राहिलं. ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं त्यांच्यापर्यंत सभासदत्व नेणं, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करणं, हे काम उशिरा सुरू झालं. ऑगस्ट 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या पतपेढीच्या निवडणुकीत कामगार नेते शशांक राव यांच्या पॅनेलने 21 पैकी 14 जागा जिंकल्या. कामगारांचा विश्वास पक्षांच्या झेंड्यापेक्षा कामावर आहे असं त्यातून दिसतं. तो विश्वास आता खाजगी कंपनीच्या गणवेशातल्या चालकापर्यंत पोचायला हवा.

प्रवाशाने काय करावं? तक्रार 'बस आली नाही' अशी मोघम केली तर ती बंद होते. गाडीचा नोंदणी क्रमांक, मार्ग क्रमांक, थांबा, दिशा आणि वेळ ही पाच गोष्टी लिहा. थांबा टाळणं, एसी बंद असणं, दार उघडं ठेवून गाडी चालवणं यांसाठी कंत्राटदाराला दंड लावता येतो, पण गाडी ओळखता आली तरच. तक्रारीत चालकाच्या वागणुकीसोबत गाडीची अवस्थाही लिहा, नाहीतर कंपनी दंड चालकाच्या पगारातून कापून मोकळी होते.

माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर चार गोष्टी मागता येतात, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं: करारातलं दंडाचं परिशिष्ट, एका आगाराच्या एका महिन्याच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, चालक नसल्याने रद्द झालेल्या फेऱ्यांचा वेगळा आकडा, आणि कंत्राटदाराने भरलेल्या भविष्य निर्वाह निधीच्या चलनांवरची कामगारांची संख्या. शेवटच्या आकड्याला त्या आगारातल्या कंत्राटदाराच्या गाड्यांच्या संख्येने भागा. चलनावर यांत्रिक आणि सफाई कामगारही असतील तर ते आधी वजा करा. उत्तर 2.6 च्या आसपास आलं तर चालक पुरेसे आहेत. 2 च्या जवळ आलं तर तुमची संध्याकाळची 7.40 ची गाडी रोज का गळते ते कळेल, आणि तो कागद आगार व्यवस्थापकाकडे आणि युनियनच्या कार्यालयात एकाच दिवशी द्या.